नकाशात नसलेलं स्टूल

माझ्या दातांच्या दवाखान्यात काही काळ काम केलेली एक डेंटिस्ट मुलगी परवा तिच्या नव्या क्लिनिकचा नकाशा घेऊन आली. टेबलावर कागद पसरून ती भराभर दाखवत गेली. हे रिसेप्शन, इथे लोक बसतील, ही काचेची भिंत, हा एक्स-रे, इथे हात धुवायचं बेसिन, मागे ऑटोक्लेव्ह, म्हणजे साधनं निर्जंतुक करायचं यंत्र, आणि साधनं धुण्याची जागा. मधोमध डेंटल चेअर, वरून दिसते तशी, डोक्याकडे निमुळती होत गेलेली. तिचा आनंद बघून मलाही बरं वाटत होतं. मग सवयीने माझं बोट त्या खुर्चीच्या डोक्याकडच्या टोकावर गेलं. तिथून मागच्या कपाटापर्यंत पट्टी लावली, तर नकाशाच्या मापाने जेमतेम ३५ सेंटिमीटर भरले. "तू कुठे बसणार?" मी विचारलं. तिने खुर्चीच्या उजव्या बाजूला बोट टेकवलं. "इथेच, बाजूला. स्टूलला चाकं असतातच ना, मॅडम."

ती गेली, पण तो नकाशा डोक्यातून जाईना. रिसेप्शनची खुर्ची त्यात होती, वाट बघणाऱ्यांचा सोफा होता, सोफ्याशेजारची कुंडीसुद्धा होती. डॉक्टरचं स्टूल नव्हतं. असिस्टंटचंही नव्हतं. ज्या दोघींना त्या खोलीत रोजचे आठ-नऊ तास काढायचे आहेत, त्यांची शरीरं कागदावर कुठेच नव्हती. आर्किटेक्टला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला जे सांगितलं जातं ते तो काढतो. आपण त्याला सांगतो की इतक्या चेअर बसवायच्या आहेत, इतके लोक थांबतील, भिंतींना हा रंग हवा. माझं कोपर जमिनीपासून किती उंचीवर येतं आणि माझे गुडघे कुठे जाणार आहेत, हे कोणी सांगत नाही. दंतवैद्यकाच्या अभ्यासात दाताचा कणन् कण शिकवतात, बसायचं कसं हे एखाद्या तासात उरकतात, आणि खोली कशी मांडायची हे बहुतेकांना यंत्रं विकायला आलेला माणूसच सांगतो.

वरच्या डावीकडच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू. ज्याने तिथे काम केलंय त्याला एवढं म्हटलं तरी पुरे. गाल बोटांना आवळून धरतो, जीभ मधूनमधून चाचपायला येते, तोंडात धरलेल्या छोट्या आरशावर वाफ धरते, ती पुसावी तर एअरोटरचं, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलचं, पाणी उडून तो पुन्हा भरतो. दिसत नाही म्हणून मान पुढे जाते. तरीही दिसत नाही म्हणून ती एका बाजूला कलते. मग कंबर वळते, उजवं कोपर अंगापासून सुटून वर येतं आणि खांदा कानाकडे सरकतो. यातलं काहीही ठरवून होत नाही. डोळ्यांना दात दिसायला हवा असतो आणि बाकीचं शरीर डोळ्यांच्या मागे फरपटत जातं. माणसाचं डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं. मानेवर सरळ तोललेलं असेल तोवर त्याचं वजन कळत नाही. पुढे झुकलं की मानेमागचे स्नायू त्याला धरून ठेवायला लागतात आणि झुकाव वाढेल तसा हा भार कितीतरी पटींनी वाढत जातो. मान २० ते २५ अंशांच्या पुढे झुकू देऊ नये असं आम्हाला सांगितलं जातं. त्या दाढेवर काम करताना एखाद्याचा बाजूने फोटो काढून बघावा, हा आकडा केव्हाच मागे पडलेला असतो.

यात वजन उचलणं नाही, म्हणून हे कष्ट कुणाला दिसत नाहीत. ओझं वाहणाऱ्याचा स्नायू आवळतो आणि सैल होतो, त्या उघडझापीत त्यातून रक्त खेळतं. आमचा स्नायू आवळतो आणि तसाच राहतो. अर्धा मिलिमीटरही हलायचं नाही, कारण हातात लाखो फेऱ्यांनी फिरणारं टोक असतं आणि त्याच्या खाली जिवंत नस. आवळून राहिलेल्या स्नायूला रक्त कमी पडतं, संध्याकाळी खांदे भरून येतात, रात्री हाताला मुंग्या येतात. सकाळी बरं वाटतं. म्हणून माणूस पुन्हा जाऊन तसाच बसतो. असं वर्षानुवर्षं चालतं.

डेंटिस्टांच्या एखाद्या परिषदेत शेवटच्या रांगेत बसून पुढच्यांच्या पाठी बघाव्यात. मी बघते. वयाने मोठ्या मंडळींची डोकी एकाच बाजूला किंचित झुकलेली असतात, एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर असतो, आणि भाषण ऐकताना अधूनमधून कुणाचा तरी हात मानेमागे जातो. माझ्या एका सरांचा हात आमच्या सगळ्या वर्गात गाजलेला होता. इंजेक्शन दिलेलं पेशंटला कळायचं नाही, इतका हलका. त्यांनी वेळेआधी काम सोडलं ते मानेमुळे. मानेतली नस दबून अंगठा आणि तर्जनी बधिर व्हायची, हातातला प्रोब, दात तपासायची बारीक सळई, पडायचा. भेटायला गेले तेव्हा ते खिडकीशी बसून बोलत होते आणि बोटं आपोआप तशीच धरलेली होती, आरसा धरल्यासारखी. त्या हाताला अजून दहा वर्षं काम जमलं असतं. मानेने साथ दिली नाही.

मला त्यांच्या जुन्या क्लिनिकमधली खुर्ची आठवत राहते. जाडजूड पाठीची, गुबगुबीत, पेशंटला छान वाटणारी. तिच्याखाली गुडघे जातच नसत.

आमच्या धंद्याने बसायला शिकून फार काळ झालेला नाही. अमेरिकेत जोसिया फ्लॅग यांनी १७९० च्या सुमारास साध्या लाकडी खुर्चीला डोकं टेकायची सोय आणि साधनं ठेवायला जागा जोडली. तेव्हापासून पेशंट बसलेला आणि डेंटिस्ट उभा, हीच रीत होती. १८७१ साली जेम्स मॉरिसन यांनी पायाने चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. एक पाय पायट्यावर आणि सगळा भार दुसऱ्या पायावर, अशा अवस्थेत नाजूक काम करायचं. १८७५ साली विजेवर चालणारं ड्रिल आलं, तरी लोक उभेच राहिले. १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांचा एअरोटर आला, हवेच्या दाबावर मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेणारा, आणि मग सगळं बदललं. दात कापायला जोर लावायची गरज संपली. जोर नको म्हटल्यावर उभं राहायचं कारणही संपलं. दुसऱ्याच वर्षी, १९५८ मध्ये, जॉन नॉटन यांची आडवी होणारी खुर्ची आली. पेशंट झोपला, डेंटिस्ट बसला. पाण्याच्या फवाऱ्यासोबत ते पाणी तोंडातून ओढून घेणारं जोरदार सक्शन लागलं आणि सक्शन धरायला दुसरं माणूस शेजारी येऊन बसलं. आजच्या क्लिनिकची सगळी मांडणी त्या चार-पाच वर्षांतून आलेली आहे. कंबर आणि पाय सुटले खरे, पण बसल्यावर माणूस तासन्‌तास हलेनासा झाला आणि दुखणं वर सरकून मानेत आणि खांद्यांत गेलं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचे वाटतात ते डॅरिल बीच. हे अमेरिकन डेंटिस्ट जपानमध्ये राहिले आणि त्यांनी प्रश्नच उलटा विचारला. खुर्ची अशी आहे तर बसायचं कसं, हे बाजूला ठेवून त्यांनी विचारलं की आसपास काहीच नसेल तर माणसाचं शरीर बारीक काम करायला आपणहून कुठे स्थिरावतं? डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचं, तुझे हात कुठे असावेत, बोटं कुठे असावीत, पाठ कशी असावी. शरीराला आतून जे कळतं त्यावरून पेशंटचं तोंड कुठे हवं ते ठरवायचं, आणि मग त्या बिंदूभोवती खुर्ची, साधनं, खोली रचत जायचं. मोरिता या जपानी कंपनीने १९६४ साली आणलेली स्पेसलाइन ही खुर्ची या विचारातून आली. पलंगासारखी सपाट, साधनं पेशंटच्या अंगाजवळच ठेवलेली, थुंकायचं भांडं कामाच्या मध्ये न येणारं.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी बोलावून घेतलं. नकाशा गुंडाळूनच ठेव म्हटलं. स्टूलवर बसवलं, तळपाय जमिनीला पूर्ण टेकवायला सांगितले, खांदे एकदा वर उचलून सोडून द्यायला सांगितले. "आता डोळे मीट. कोपरं अंगाला सैल चिकटलेली राहू देत. हातात सुई-दोरा आहे असं समज आणि सुईत दोरा ओवायला दोन्ही हात जिथे आणावेसे वाटतात तिथे आण." तिचे हात छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या टोकासमोर येऊन थांबले, कोपरांपेक्षा किंचित वर, अंगाच्या बरोबर मधोमध. मी टेपने जमिनीपासून ती उंची मोजली आणि नकाशाच्या मागच्या बाजूला लिहिली. पेशंटचे दात तिथे हवेत. डावीकडे नाहीत, पुढे नाहीत, तिथेच. तिने डोळे उघडून हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी तर रोज याच्यापेक्षा वीतभर वर धरते."

तिथून पुढे सगळं आपोआप उलगडत जातं. पेशंटच्या तोंडाला घड्याळाचा मध्य मानायचं, डोक्याचं टोक म्हणजे बारा. उजव्या हाताने काम करणारी डेंटिस्ट साधारण आठ ते बारा या पट्ट्यात फिरते. खालचे उजवे दात नऊच्या आसपासून, वरचे बरेचसे आरशात बघून अकरा-बाराच्या जागेवरून. बाराची जागा ही सगळ्यांत आरामाची जागा आहे, कारण तिथे कंबर वळवावी लागत नाही, दोन्ही हात पेशंटच्या डोक्याच्या दोन बाजूंनी सारखे येतात. तीच जागा तिच्या नकाशात कपाटाने खाल्लेली होती. डोक्यामागे ६० सेंटिमीटरपेक्षा कमी मोकळी जागा असेल तर स्टूल तिथे अडकतं, आणि स्टूलची चाकं कितीही गुळगुळीत फिरत असली तरी माणूस नऊच्या जागेवरच बसून, मान आणि कंबर पिरगाळून, वरच्या दाढा करत राहतो. कपाट सरकवायला नकाशावर खोडरबर पुरतो. भिंतीत पाइप गेल्यावर ते सरकत नाही.

स्टूलबद्दल मी जरा हट्टी आहे. माझं ठाम मत आहे की खुर्चीच्या आधी स्टूल घ्यावं. बहुतेक ठिकाणी ते खुर्चीबरोबर येतं आणि जे येतं त्यावर लोक आयुष्य काढतात. मी बुटकी आहे. माझ्या उंचीच्या बाईसाठी नेहमीच्या दांड्याचं स्टूल पूर्ण खाली घेतलं तरी तळपाय टेकत नाहीत, मांडीखाली कड रुतते, आणि माणूस नकळत पुढे सरकून स्टूलच्या काठावर बसतो. काठावर बसलं की पाठीच्या टेकूचा उपयोग शून्य. याला उपाय आहे, आखूड दांड्याचं स्टूल मिळतं, फक्त मागावं लागतं. तसंच उंच माणसाला लांब दांड्याचं. खोगिराच्या आकाराच्या बैठकीवर मांड्या खाली उतरत्या राहतात, कंबर आणि मांडी यांतला कोन काटकोनापेक्षा बराच मोकळा होतो आणि कमरेचं नैसर्गिक वळण टिकतं. मला ते मानवलं. पहिले काही दिवस मांड्यांच्या आतल्या बाजूला दुखलं, मग सवय झाली. माझ्या एका मैत्रिणीला ते अजिबात मानवलं नाही, तिला पुढे उतार असलेली साधी बैठक आणि कमरेला घट्ट टेकू बरा वाटतो. दोघींचंही खरं आहे. म्हणून शोरूममध्ये दोन मिनिटं टेकून स्टूल निवडू नये. अर्धा तास बसावं, हात कामाच्या उंचीवर धरून बसावं, आणि कंबर काय म्हणते ते ऐकावं.

पेशंटच्या खुर्चीत लोक गादीची जाडी आणि पडद्यावरची बटणं बघतात. मी पाठ किती पातळ आहे ते बघते, कारण तिच्याखाली माझ्या मांड्या जायच्या आहेत. मग ती किती खाली येते आणि किती वर जाते ते. आणि सगळ्यांत जास्त वेळ डोक्याच्या टेकूवर घालवते. दोन सांध्यांचा टेकू हवा, हनुवटी वर आणि खाली दोन्हीकडे नेता आली पाहिजे. वरच्या दातांसाठी पेशंट पूर्ण आडवा आणि हनुवटी वर, इतकी की वरच्या दातांची चावण्याची पातळी जमिनीला काटकोनात उभी राहील किंवा थोडी त्याच्याही मागे झुकेल. खालच्या दातांसाठी पाठ जरा उचललेली आणि हनुवटी खाली. एवढा एक फरक केला तरी माझी मान कितीतरी सरळ राहते. आणि याला एक पैसाही न लागणारी जोड आहे. पेशंटला सांगायचं, "जरा माझ्याकडे वळा", "आता पलीकडे". आपल्याला त्याची भीड वाटते. आधीच घाबरलेल्या माणसाला आणखी त्रास कशाला, म्हणून आपणच वाकतो. पेशंटची मान एका बाजूला वळून दहा मिनिटं राहिली तर त्याचं काही बिघडत नाही. तो घरी जातो. आपण पुढच्या पेशंटसाठी पुन्हा वाकतो.

लाइटची गोष्ट वेगळी आहे. लाइट चुकला की वरचं सगळं वाया जातं. प्रकाश नजरेच्या रेषेला जितका समांतर येईल तितकी सावली कमी. कपाळाच्या जवळून, डोक्याच्या किंचित वरून आणि मागून येणारा प्रकाश हवा, आणि लाइटचा हात इतका लांब आणि लवचीक हवा की तो बाराच्या जागेपर्यंत डोक्यामागे येईल. बऱ्याच ठिकाणी लाइट पेशंटच्या पायांकडून येतो. तो आपल्याच हातांची सावली दातावर पाडतो आणि ती सावली चुकवायला डोकं हलतं. खोलीतला उजेडही पुरेसा हवा. तोंडात लख्ख आणि बाहेर मिणमिणतं असेल तर दर वेळी ट्रेकडे बघून परत येताना बुबुळाला लहान-मोठं व्हावं लागतं, आणि दुपारपर्यंत डोळे जड होतात. काँपोझिट, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा दाताच्या रंगाचा माल, भरताना पिवळसर झोत देणारी सोय असली की लाइट बाजूला सारावा लागत नाही आणि माल वेळेआधी घट्ट होत नाही.

लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेली भिंगं, वापरायला लागल्यापासून मी सरळ बसते, हे खरं आहे, पण त्यात एक खोच आहे. भिंगं दात मोठे दाखवतात म्हणून लोक ती घेतात. मान वाचते ती मोठेपणामुळे नाही. ती वाचते कारण भिंग डोळ्यापासून ठरावीक अंतरावरच स्पष्ट दिसतं, त्याच्या पुढे वाकलं की सगळं धूसर होतं, आणि शरीर आपोआप मागे येऊन बसतं. म्हणजे ते अंतर आपल्या शरीराचं हवं. बुटक्या माणसाचं ३५ सेंटिमीटरच्या आसपास असेल, उंच माणसाचं ४५ च्या पुढेही जाईल. ते बसलेल्या, सरळ पाठीच्या अवस्थेत मोजून घ्यायला हवं. आणि भिंगांचा खाली झुकण्याचा कोन पुरेसा नसेल, तर खाली बघायला डोळ्यांऐवजी मान झुकवावी लागते. अशी लूप्स घालून महिनोन्‌महिने काम केलेल्या माणसाची मान आधीपेक्षा जास्त दुखते. सुरुवातीला अडीच पटीचं भिंग पुरतं. ते हलकं असतं, दृष्टीचा घेर मोठा मिळतो आणि चक्करल्यासारखं होत नाही. मायक्रोस्कोपचं मला फार आकर्षण आहे. त्यात मान झुकवावीच लागत नाही, समोर बघायचं. पण माझ्या सध्याच्या खोलीत त्याचा खांब बसवायचा तर असिस्टंटची जागा जाते, आणि ती मला द्यायची नाही.

हातातल्या वस्तूंबद्दल बोलताना आम्ही तोंडातल्या टोकाबद्दल बोलतो, मुठीतल्या दांड्याबद्दल नाही. दातांवरचा थर खरवडायच्या स्केलरचा दांडा बारीक आणि जड असला की चिमूट घट्ट धरावी लागते, आणि अंगठ्याच्या बुडाशी संध्याकाळपर्यंत जळजळ होते. १० मिलिमीटरच्या आसपास जाड आणि १५ ग्रॅमच्या आसपास हलका दांडा धरून बघा, हात आपोआप सैल पडतो. आणि स्केलर धारदार हवा. बोथट स्केलरला जोर लागतो, तो जोर मनगटातून येतो. हातमोजेही डाव्या-उजव्या हातांचे वेगळे असलेले बरे. दोन्ही हातांना चालणाऱ्या मोज्यात अंगठा सतत मागे, पंजाच्या पातळीत ओढला जातो, आणि दिवसभर तो ओढीविरुद्ध लढत राहतो. एअरोटरचं म्हणाल तर शोरूममध्ये तो सुटा हातात देतात आणि म्हणतात, बघा किती हलका. नळी जोडून, पाणी सुरू करून धरावा. गुंडाळीची नळी मनगटाला मागे खेचते, सरळ आणि हलकी नळी खेचत नाही. विजेवर चालणारा मायक्रोमोटर आवाजाला कमी, ताकद एकसारखी, पण शेपटाकडे जड. छोट्या हाताला ते वजन कळतं. मी रोजच्या भरण्यांना एअरोटर आणि क्राउनसाठी मायक्रोमोटर असं करते.

ही साधनं ठेवायची कुठे, यावर डेंटिस्ट तासन्‌तास वाद घालू शकतात. आम्हाला शिकवलेल्या पद्धतीत हालचालींचे पाच वर्ग असतात: फक्त बोटं, मग बोटं आणि मनगट, मग कोपरापासून, मग खांद्यापासून, आणि शेवटी सगळं अंग वळवून. पहिल्या तिघांत काम भागलं पाहिजे. साधनांचा ट्रे पेशंटच्या छातीवर येणाऱ्या, फिरवता येणाऱ्या दांड्यावर असला तर डोळे फारसे न उचलता हात तिथे जातो. डोक्यामागे ठेवलेली साधनं पेशंटला दिसत नाहीत, घाबरट माणसाला ते बरं वाटतं, पण हातात आणून देणारं कोणी नसेल तर दर वेळी अंग वळवावं लागतं. बाजूची ढकलगाडी सोयीची वाटते आणि हळूहळू अर्धा फूट लांब जाऊन थांबते. एकटीने काम करणाऱ्यांनी छातीवरचा ट्रे घ्यावा असं माझं मत आहे. पायाचं पेडल मात्र कुणी बघतच नाही. ते लांब राहिलं की एक पाय ताणला जातो, सगळा भार दुसऱ्या कुल्ल्यावर येतो आणि कणा तिरका होतो. मधूनमधून पाय बदलता येईल असं पेडल हवं.

आता असिस्टंटबद्दल. हे मला सगळ्यांत जास्त सलतं.

डेंटिस्टचं स्टूल खोगिराचं, कमरेला टेकू असलेलं, निवडून घेतलेलं. असिस्टंट उभी. किंवा रिसेप्शनमधून उरलेल्या खुर्चीवर. एका हाताने सक्शन धरलेलं, दुसऱ्या हातात हवापाण्याची सिरिंज, कंबर वळलेली आणि मान लांब करून तोंडात बघायचा प्रयत्न. तिला बसायचं तर डेंटिस्टपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच बसावं लागतं, नाहीतर माझ्या हातांवरून तिला काही दिसतच नाही. त्या उंचीवर पाय लोंबकळतात, म्हणून स्टूलला पाय ठेवायला गोल कडी हवी. घड्याळावर तिची जागा दोन ते चार. तिचे गुडघे पेशंटच्या डोक्याच्या दिशेने जातील एवढी जागा खुर्चीच्या त्या बाजूला मोकळी हवी. तिथे नेमकी थुंकदाणी बसवलेली असते. मी असं स्टूल आणलं त्या संध्याकाळी आमच्या ताई हात धुताना म्हणाल्या, "मॅडम, आज पहिल्यांदा मला दिसलं तुम्ही आत काय करता ते." त्या माझ्याकडे कितीतरी वर्षं काम करत होत्या. इतकी वर्षं त्या माझ्या हातांच्या हालचालींवरून अंदाज बांधून सक्शन नेत होत्या, आणि नेमकं तिथेच नेत होत्या. त्या दिवसापासून आमचं काम बदललं. मी मागायच्या आधी साधन हातात यायला लागलं, माझी नजर तोंडातून उचलायची गरज कमी झाली, आणि माझी मानही त्यामुळे वाचली. चार हातांनी काम करायचं शिक्षण आम्ही दोघींनी मग नीट घेतलं. पण आधी तिला दिसायला हवं होतं.

बाकीच्या खोलीचं मी थोडक्यात सांगते. कॉम्प्रेसर आणि सक्शनचा पंप शक्यतो कामाच्या खोलीबाहेर, हवा खेळेल अशा बंदिस्त जागी. तो आवाज कानांना सवयीचा होतो, खांद्यांना होत नाही. कॉम्प्रेसर तेल न लागणारा घ्यावा, कारण तीच हवा दातावर जाते आणि तेलाचा अंश आला तर भरलेलं दाताला नीट चिकटत नाही. वापरलेल्या साधनांची वाट एका दिशेने असावी: घाण इकडून आत, धुणं, पुसून पाकिटात बंद करणं, ऑटोक्लेव्ह, मग स्वच्छ कपाट. स्वच्छ आणि घाण ट्रे एकमेकांना ओलांडून जाता कामा नयेत. ऑटोक्लेव्ह फार खाली किंवा फार उंच नको, दाराचा कठडा कमरेच्या जरा वर यावा, कारण तो जड गरम ट्रे दिवसातून अनेकदा असिस्टंटनेच काढायचा असतो. फरशी सांध्यांशिवायची, म्हणजे चाकं अडकत नाहीत आणि पुसताना भेगांत काही राहत नाही. डाव्या हाताने काम करणारं कुणी क्लिनिकमध्ये येणार असेल तर दोन्ही बाजूंना फिरवता येणारी खुर्ची आधीच घ्यावी. नाहीतर तो डावखुरा माणूस आयुष्यभर उजव्यांच्या खोलीत अंग मुडपून काम करतो.

हे सगळं जमवल्यावरही एखादी बाई येते जिला आडवं होताच येत नाही. पोक आलेल्या आजी असतात, त्यांचं डोकं सपाट खुर्चीवर टेकतच नाही, मानेखाली हवा राहते. दम लागणारे लोक असतात, आडवं झालं की त्यांना गुदमरतं. दिवस भरत आलेल्या बाईला पाठीवर फार वेळ ठेवलं तर गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते, तिच्या उजव्या कुल्ल्याखाली उशी सरकवून तिला डावीकडे कलतं ठेवावं लागतं. अशा माणसांना माझ्या आदर्श बैठकीशी काही देणंघेणं नाही, आणि नसावंच. मग मी स्टूल मागे सारते आणि उभी राहते. खुर्ची वर घेते, पेशंटचं तोंड माझ्या कोपरांपाशी येईपर्यंत. त्या कामानंतर पाय दुखतात, पण मान दुखत नाही, आणि तासन्‌तास बसल्यावर उभं राहणं शरीराला बरंच वाटतं. मात्र खोली त्याला तयार असावी लागते. खुर्ची खरोखर तेवढी वर जायला हवी. सक्शनची नळी तिथपर्यंत पोचायला हवी. पेडल पायाने ढकलून नेता यायला हवं.

त्या मुलीने नकाशा नव्याने काढून घेतलाय. डोक्यामागचं कपाट गेलं, थुंकदाणी सरकली, दोन्ही स्टूलं कागदावर आली, त्यांच्या फिरण्याच्या जागेसकट. लाइट छताला लावायचा की खुर्चीला, यावर तिचं अजून ठरत नाही, आणि विक्रेता घाई करतोय. मी तिला म्हटलं, शोरूममध्ये जाताना सोबत कुणीतरी उंच माणूस ने. त्याला खुर्चीत सरळ बसव, खुर्ची पूर्ण वर घे, आणि तू उभी राहून लाइट त्याच्या वरच्या दाढेवर आण. तुझ्या डोक्यामागून झोत तिथे पोचला नाही, तर तो लाइट घेऊ नकोस.